शनवार तेल्यांची शाळा

'आंतरराष्ट्रीय शिक्षण' हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर 'इंटरनॅशनल स्कूल' अशी पाटी दिसते. पाटीवर पृथ्वीचा गोल, आत शिकणारी मुले शेजारच्याच दोन-तीन वाड्यांतली. त्यात वाईट काही नाही. पण विद्यापीठांत याच नावाने जी अभ्यासशाखा चालते, तिचे प्रश्न वेगळे आहेत. एका देशाची शाळा दुसऱ्या देशात नेली की तिचे काय होते? कोण कोणाला शिकवायला येतो, आणि कशासाठी? शिकणारा त्यातले काय उचलतो आणि काय तसेच सोडून देतो?

या शाखेचा इतिहास सांगताना दोन नावे हमखास येतात. पॅरिसमध्ये मार्क-आंत्वान जुलियाँ याने १८१७ च्या सुमारास वेगवेगळ्या देशांच्या शाळांची माहिती एकाच प्रश्नावलीने गोळा करायची योजना मांडली. पुढे १९०० मध्ये मायकेल सॅडलर या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने गिल्डफर्डच्या व्याख्यानात बजावले की परक्या देशातली शाळा समजून घ्यायची तर आधी शाळेबाहेरचे बघा. शाळेच्या आतल्यापेक्षा ते जास्त महत्त्वाचे असते. आज आपण सॅडलरचे ऐकणार आहोत. जुलियाँ पॅरिसमध्ये योजना आखत होता त्याच सुमारास आपल्या किनाऱ्यावर, म्हणजे तेव्हाच्या कोलाब्यात आणि शेजारच्या मुंबईत, एक प्रयोग प्रत्यक्षात सुरू झाला होता. अमेरिकन शिक्षक, स्कॉटिश शिक्षक, कोचीनचे शिक्षक, आणि विद्यार्थी कोण, तर तेल्यांची मुले.

आता हे तेली कोण, ते बघू. अलिबाग, पेण, रोहे, मुरूड या पट्ट्यातल्या गावांत तेलाचे घाणे चालवणारी काही कुटुंबे होती. घरात मराठी, अंगावर इथलाच पोशाख, गळ्यात मंगळसूत्र, जेवणात भात, मासळी आणि नारळ. पण शुक्रवारची संध्याकाळ झाली की घाणा बंद, तो शनिवारी संध्याकाळपर्यंत बंदच. म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. मुलांची सुंता होई, खवले नसलेला मासा घरात येत नसे. आपले पूर्वज नवगावजवळ फुटलेल्या गलबतातून वाचले, सात पुरुष आणि सात बायका, असे ते सांगत. आडनावे गावांवरून: केहिमकर म्हणजे किहीमचे, राजपूरकर म्हणजे राजपुरीचे, तसेच दिवेकर, पेणकर, चेऊलकर, झिराडकर. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणत. हिब्रू भाषा मात्र विसरली गेली होती. 'शेमा' ही एक प्रार्थना तोंडी उरली होती, आणि सुंता असो, लग्न असो, मौत असो, तीच म्हणायची. धर्मग्रंथ नाही, लिपी नाही. त्यांना धर्म शिकवायला आलेला डेव्हिड राहाबी नावाचा परदेशी पुरुष त्यांच्या आठवणीत आहे. त्याने निवडलेल्या तीन घराण्यांकडे काझीचे काम राहिले, असे परंपरा सांगते. राहाबी नेमका कधी आला यावर अभ्यासक शेकडो वर्षांच्या फरकाने भांडतात. त्या भांडणात आज शिरत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हे लोक 'अडाणी' नव्हते. घाण्याचा हिशेब, शेतीची पट्टी, पलटणीतली नोकरी हे सगळे ते सांभाळत. कंपनीच्या मुंबईच्या फौजेत ते सुभेदारीपर्यंत चढत होते. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधले गेले ते सामाजी हसाजी दिवेकर यांच्यामुळे, आणि तेही फौजेतलेच. म्हणजे 'शाळा आली आणि अंधार गेला' असली कथा इथे बसत नाही. त्यांच्यापाशी एक विशिष्ट वस्तू नव्हती: स्वतःचा ग्रंथ स्वतः वाचण्याचे साधन.

फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. काळ मोठा अवघड. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध चालू, आणि कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते. त्यांना परत जाण्याचे हुकूम झाले. बरीच रदबदली झाल्यावर राहण्याची परवानगी मिळाली. त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना दार थोडे उघडले. बॉस्टनच्या ज्या संस्थेने त्यांना पाठवले, तिच्या इथल्या शाखेला पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' म्हणू लागले. नाव बघा कसे आहे! देश अमेरिका आणि भाषा मराठी.

त्यांनी केले काय, तर शाळा काढल्या. धर्म सांगायला लोक जमत नव्हते, पण वाचन-लेखन-हिशेब शिकवतो म्हटले की मुले येत. शिक्षक इथलेच नेमायचे, गावातला पंतोजी किंवा जो कोणी अक्षर जाणतो तो. पुस्तके मिशनची. १८१७ पासून त्यांचा छापखाना देवनागरीत छापू लागला. १८२४ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये सिंथिया फरार नावाची अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून आली. पुढे अहमदनगरला तिच्या मुलींच्या शाळा बघून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली, हे आपण सगळे वाचलेले आहे. पण त्याच मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले बसत होती आणि बेने इस्रायल तरुण शिक्षक म्हणून पगार घेत होते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही.

मिशनऱ्यांना या मुलांचे एवढे अगत्य का? कारण उघड आहे. इथे, हजारो मैलांवर, त्यांना बायबलातल्या इस्रायलची लेकरे सापडली होती. ज्यूंना ख्रिस्ताकडे आणले की जगाचा शेवट आणि उद्धार जवळ आला, असे त्या काळी न्यू इंग्लंडपासून स्कॉटलंडपर्यंत अनेकांना मनापासून वाटत होते. म्हणजे शिकवणारा एका हेतूने शिकवत होता. शिकणाऱ्याचा हेतू वेगळा होता. त्याला नोकरी हवी होती, आणि शिवाय अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या गोष्टी हव्या होत्या, त्या आपल्याच घरच्या गोष्टी आहेत म्हणून.

याच सुमारास दुसरीकडूनही शिक्षक आले. कोचीनचा एक ज्यू, मायकेल सारगन, ख्रिस्ती होऊन लंडनच्या एका संस्थेसाठी काम करत होता. त्याने मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी हिब्रू शिकवायची शाळा चालवली. नंतर १८२६ मध्ये धर्म न बदललेले कोचीनचे ज्यू आले, आणि ते सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणारे, उपदेश करणारे, मुलांना शिकवणारे म्हणून राहिले. हिब्रू उच्चार, प्रार्थनांच्या चाली, सणांचा क्रम यांत कोचीनचा वाटा मोठा आहे. मिशनऱ्यांच्या अहवालांवरून इतिहास लिहिला की कोचीन मागे पडते, कारण कोचीनच्या मास्तरांनी अहवाल लिहिले नाहीत. आमच्या मते ही त्रुटी साधी नाही. 'आंतरराष्ट्रीय' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोरा माणूस येतो. पण मलबारहून गलबतात बसून कोकणात आलेला मास्तर तेवढाच परमुलखातला होता, आणि बहुधा जास्त उपयोगाचा.

आता जॉन विल्सन. ज्यांच्या नावाचे कॉलेज गिरगाव चौपाटीवर आहे, तेच. १८२९ मध्ये ते आणि त्यांची पत्नी मार्गारेट मुंबईत आले, आणि मराठी शिकायला गेले कुठे? हर्णै आणि बाणकोट इथे, स्कॉटिश मिशनच्या ठाण्यांवर. बाणकोट म्हणजे सावित्रीच्या मुखावर, खाडीच्या पलीकडे आजचा रायगड जिल्हा. म्हणजे या विद्वानाची मराठी किनाऱ्याची होती. त्यांनी १८३२ मध्ये एक छोटे पुस्तक छापले: हिब्रूचे व्याकरण, मराठीत, मुद्दाम बेने इस्रायलांसाठी.

आम्हाला या पुस्तकाचे फार अप्रूप वाटते. जरा थांबून विचार करा. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला अजून पंचवीस वर्षे आहेत, आणि एक स्कॉटिश माणूस कोकणातल्या तेल्याच्या मुलाला मराठीतून हिब्रू शिकवतो आहे. इंग्रजी मधे नाही. आज आपल्याला कुठलीही परकी भाषा शिकायची तर आधी इंग्रजी लागते. जर्मन शिका, जपानी शिका, पुस्तक इंग्रजीतलेच.

आणि मराठीतून हिब्रू शिकणे काही बाबतींत सोपे असते. इंग्रज मुलाला क्रियापदाला लिंग असते हे पहिल्यांदा कळते तेव्हा तो गोंधळतो. मराठी मुलाला 'तो गेला, ती गेली' हे आईच्या मांडीवरच कळलेले असते. हिब्रूतही तसेच, तो आणि ती यांची क्रियापदे वेगळी. हिब्रूत शब्द मूळ व्यंजनांपासून बनतात, बहुधा तीन, तर इथल्या शास्त्र्याला धातू म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. डोळे, हात अशा जोडीच्या वस्तूंसाठी हिब्रूत द्विवचन आहे. संस्कृत शिकलेल्याला त्याचे आश्चर्य नाही. अडचण कुठे? हिब्रूत नपुंसकलिंग नाही, मग आपले 'ते घर' कुठे ठेवायचे! लिपी उजवीकडून डावीकडे. घशातून काढायचे वर्ण. आणि स्वर लिहिले तर लिहिले, नाहीतर वाचणाऱ्याने ओळखायचे. मोडी वाचणाऱ्या पंतोजीला मात्र त्याचेही विशेष वाटले नसावे, कारण ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर मोडीही करत नाही.

बरं, एवढे शिकवून झाले, मग धर्मांतरे किती झाली? फारच थोडी. मिशनऱ्यांच्या दृष्टीने प्रयोग फसला. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतले, मराठी बायबलातला जुना भाग घेतला, नोकऱ्या घेतल्या, आणि शनिवारी सिनेगॉगमध्ये गेले. आधी एका प्रार्थनेवर चाललेला समाज आता पूर्ण विधी वाचू लागला. ज्या शाळेने त्यांना ख्रिस्ती करायचे होते तिने त्यांना जास्त पक्के ज्यू केले. परकी शाळा काय पेरते आणि शिकणारा काय कापतो, यांतले अंतर दाखवणारे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

त्याची फळे छापील रूपातही दिसतात. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची 'हग्गादा' १८४६ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर हिब्रू आणि मराठीत निघाली. १८७४ मध्ये पुण्यात सचित्र हग्गादा निघाली. तिच्या चित्रांत बायका लुगडी नेसून, जमिनीवर बसून सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात. युरोपातल्या जुन्या हग्गादांत अशी चित्रे असत, नमुना तिकडचा आणि बायका इकडच्या. १८८० च्या सुमारास तर बेने इस्रायलांनी कीर्तन उचलले: आख्यान मोशेचे, चाली आपल्या, साकी-दिंडीच्या.

आता दोन माणसांबद्दल सांगतो. दोघांची आडनावे याच किनाऱ्याची.

पहिले जोसेफ एझिकेल राजपूरकर. जन्म १८३४. शिक्षण विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत. १८५६ मध्ये ते मुंबईत डेव्हिड ससून यांच्या संस्थेच्या शाळेत शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापक, आणि सुमारे चाळीस वर्षे ते पद सांभाळले. ससून हे बगदादचे ज्यू, श्रीमंत, दर्यापार व्यापार करणारे. बगदादी मंडळी बेने इस्रायलांना बरोबरीचे मानायला तयार नव्हती. दफनभूमीत आपली बाजू वेगळी असावी इथपर्यंत त्यांचे म्हणणे गेले होते. आणि त्यांच्याच मुलांना हिब्रू शिकवायला बसले कोण, तर राजपुरीच्या तेल्यांच्या कुळातले मास्तर! राजपूरकरांनी ज्यू प्रार्थनांची वीसहून अधिक पुस्तके मराठीत आणली. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते, १८७९ मध्ये विद्यापीठाचे फेलो झाले. दोन पिढ्यांत गाडी कुठून कुठे आली ते बघा.

दुसरे हाईम सॅम्युअल केहिमकर. (किहीम म्हटले की लोकांना सलीम अली आठवतात. बर्लिनहून पक्षिशास्त्र शिकून ते किहीमला राहिले आणि सुगरणीची घरटी अभ्यासली. तेही आपल्या विषयात बसते, पण आज वेळ नाही.) केहिमकरांनी भावांना आणि मित्रांना बरोबर घेऊन १८७५ मध्ये मुंबईत 'इस्रायलाइट स्कूल' काढले. आतापर्यंत मुले दुसऱ्यांच्या शाळांत जात होती. आता शाळा आपली. मराठी, इंग्रजी, हिब्रू तिन्ही. पैसा कमी पडे, मग लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनकडे अर्ज करायचे. तिकडून मदत येई, आणि मदतीबरोबर अपेक्षाही येत. परदेशी देणगीवर शाळा चालवणाऱ्या कुणालाही हा अनुभव नवा नाही.

केहिमकरांनी आणखी एक काम केले. १८९७ मध्ये त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो तसाच पडून राहिला. ते गेले, आणि चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, इमॅन्युएल ओल्सवँगर यांनी तो तेल अवीवमध्ये छापून आणला. किहीमच्या माणसाने मुंबईत बसून लिहिलेले पुस्तक छापायला तेल अवीव लागले. ज्याच्याबद्दल सगळे लिहीत होते, त्या समाजातल्या माणसाने स्वतः संशोधक होऊन लिहिले, ही यातली मोठी गोष्ट. केहिमकर चुकत नाहीत असे नाही. गावातल्या मौखिक परंपरेला ते कधी कधी तारखेसारखे वापरतात. पण घाणा कसा चालतो, लग्नात काय काय होते, मलिद्याच्या विधीत काय ठेवतात, हे घरातल्या माणसाच्या खात्रीने येते. विल्सनना ते जमणे शक्य नव्हते.

मग रिबेका रुबेन. जन्म १८८९. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. १९०५ मध्ये मॅट्रिकला त्या मुंबई इलाख्यात पहिल्या आल्या, तोवर कुठल्याच मुलीने हा मान मिळवला नव्हता. पुढे इंग्लंडला जाऊन शिक्षणशास्त्र शिकल्या, केंब्रिजला हिब्रूचाही अभ्यास केला. परत आल्यावर १९२२ ते १९५० इतकी वर्षे केहिमकरांनी काढलेल्या त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. याच काळात शाळेला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. बाईंनी मुलांसाठी वाचनपुस्तके लिहिली, समाजाचे वार्षिक काढले. शंभर वर्षांपूर्वी शिक्षक बोटीने इकडे आले होते. आता इथली विद्यार्थिनी तिकडे गेली, शिकली, आणि परत येऊन मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसली.

या सगळ्यात किनाऱ्याचे काय झाले? शाळा मुंबईत, नोकऱ्या रेल्वेत, पोस्टात, सरकारी कचेऱ्यांत. शिकलेला मुलगा घाण्यावर परत येत नाही. अलिबागला १८४८ मध्ये बांधलेले 'मागेन अबोथ' सिनेगॉग आजही इस्रायल आळीत उभे आहे, पण गावोगावचे घाणे बंद पडले. भारत स्वतंत्र झाला तेव्हा बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. नंतर बहुतेक इस्रायलला गेले. १९६०च्या दशकात ओआरटी या ज्यू संस्थेने मुंबईत तांत्रिक शिक्षणाचे वर्ग काढले, सुतारकाम, यंत्रकाम असे. म्हणजे शिक्षण पुन्हा बाहेरून आले. तिथे शिकलेली कितीतरी मुले तेच हातात घेऊन इस्रायलला गेली.

आणि इथे संशोधनाचा प्रश्न एकदम धारदार होतो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांबद्दल शंका काढली. त्यांच्या पूर्वजांना घटस्फोटाचे आणि दिराशी विवाहाचे ज्यू नियम माहीत नव्हते, तेव्हा वंशावळी तपासा, असे फर्मान निघाले. विल्सन आणि केहिमकर ज्या चालीरीती अभ्यास म्हणून टिपत होते, त्याच चालीरीतींवरून आता रेहोवोत किंवा डिमोनामधल्या मुलीचे लग्न अडत होते. लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले, धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने आणि सरकारने ठराव करून सांगितले की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. वर्गात आम्ही मुलांना हे मुद्दाम सांगतो. तुम्ही एखाद्या समाजाच्या चालीरीतींची टिपणे काढता, ती टिपणे साठ-सत्तर वर्षांनी कुणाच्या टेबलावर जातील ते तुमच्या हातात नसते.

त्यानंतर अभ्यासक पुष्कळ आले: लंडनहून, अमेरिकेहून, जेरुसलेमहून. १९७१ मध्ये शिफ्रा स्ट्रिझोवर यांचे पुस्तक आले, १९८८ मध्ये शर्ली आयझेनबर्ग यांचे. शाल्वा वाइल यांनी इस्रायलमधल्या लोद शहरातल्या बेने इस्रायलांवर काम केले. पुढे रक्ताचे नमुनेही घेतले गेले, जनुके तपासली गेली. काम चांगले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते जवळजवळ सगळे इंग्रजीत आहे. अमेरिकन मिशनचे जुने कागद हार्वर्डच्या ग्रंथालयात आहेत. अलिबागच्या कॉलेजातल्या मुलाने ते वाचायचे कधी?

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना आधी नवगावला पाठवतो. तिथल्या दफनभूमीत सगळ्यात जुन्या थडग्यांवर काहीही लिहिलेले नाही, नुसते दगड. किनाऱ्यावरच्या इतर दफनभूमींत नंतरच्या थडग्यांवर हिब्रू आहे, खाली मराठी आहे, काही ठिकाणी इंग्रजीही. मजकुराचा मराठी भाग मुले वाचतात: नाव, बापाचे नाव, आडनाव, तारीख. सगळ्यात आधीचे मराठी अक्षर कुठल्या सालचे, हिब्रू कुठल्या सालापासून, वळण शिकलेल्या हाताचे की चित्रासारखे उतरवलेले, हे वहीत मांडायचे. बायकांच्या थडग्यांचा रकाना वेगळा. हिब्रू भागाचे फोटो काढून ठेवले आहेत, आणि ते वाचण्यासाठी यंदा आठ मुलांनी हिब्रूची बाराखडी गिरवायला घेतली आहे. मराठीतूनच.